साक्षीची पायरी

दिवेबाबांच्या घरासमोरची गल्ली सकाळीच दोन्ही टोकांनी भरून गेली होती. कडेवर बाळं, बाळांच्या डोक्यावर टोपडी, आणि प्रत्येक आईच्या मागे, ती पळून जाईल की काय अशा पवित्र्यात उभी असलेली सासू. ज्यांच्या घरात बाळ नव्हतं तेही आले होते, कारण चमत्कार पाहायला तिकीट लागत नाही. दिवेबाबा नवजात बाळांची कावीळ उतरवत. गोळी नाही, सुई नाही, फक्त एक दिवा. दारातून आत जाताना पिवळंधमक असलेलं बाळ आतल्या खोलीत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, गोरंपान होई.

आणि बाबांची फी तरी काय? साक्ष. "मला पैसा नको, फळ नको, नमस्कारही नको," असं ते हात झटकून सांगत. "बाळाला उतार पडला की बाहेरच्या पायरीवर उभं राहायचं आणि काय पाहिलं ते चार लोकांना सांगायचं. बस." एवढा निर्लोभी माणूस पाहून लोक आणखीच विरघळत. पैसे मागणाऱ्याचा संशय येतो, साक्ष मागणाऱ्याचा कोण घेणार?

त्या गर्दीत आम्हीही होतो. मी, माझा धाकटा भाऊ, माझी भावजय, आमची आई, आणि दुपट्यात गुंडाळलेली माझी भाची, जन्माला येऊन आठवडाही झाला नव्हता. तिचा चेहरा पिवळा पडला, मग छाती, मग पोट. प्रसूतीच्या दवाखान्यातून निघताना सांगितलं होतं, पिवळेपणा खाली उतरत गेला तर रक्त तपासायला लगेच आणा. भावजय जायला तयार होती. आई आडवी आली. "एवढंसं बाळ, त्यातलं रक्त काढणार? तुम्हाला दयामाया आहे का काही?" मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे घरात माझं कुणी ऐकत नाही. भावानं मध्यम मार्ग काढला. "आधी बाबांकडे जाऊ, नाही जमलं तर दवाखाना आहेच." आपल्याकडे मध्यम मार्ग नेहमी बाबांच्या दारावरून जातो.

आमचा नंबर येईपर्यंत बाबांची टकळी चालू होती. "काट्यानं काटा काढतात की नाही? मग पिवळ्यानं पिवळं का निघणार नाही? हा दिवा पिवळं खातो. खातो आणि जिरवतो." जिरवतो म्हणजे नेमकं कुठं, हे कुणी विचारलं नाही. मी विचारलं असतं, पण आईनं माझा दंड धरून ठेवला होता.

दारात पांढरी चादर अंथरली होती. भाचीला तिच्यावर उघडं निजवलं आणि बाबांनी सगळ्यांना जवळ बोलावलं. "नीट बघून घ्या. नंतर म्हणू नका बाळ मुळातच गोरं होतं." सकाळच्या स्वच्छ उजेडात ती गुडघ्यांपर्यंत पिवळी होती. बघणाऱ्या बायकांनी चुकचुक केली. मग तिला उचलून आत नेलं. पांढरी चादर बाहेरच राहिली. "पांढऱ्यावर पिवळं डसून बसतं," बाबा म्हणाले.

आतल्या खोलीच्या खिडक्यांवर जाड घोंगड्या ठोकल्या होत्या. मध्ये जाड पिवळ्या काचेचा मोठा दिवा, आणि खाली पिवळंजर्द कापड. दार बंद झालं. बाबा बराच वेळ काहीतरी पुटपुटत राहिले. पाठ झालेलं होतं, अर्थ त्यांनाही लागत नसावा. आम्ही सगळे त्या उजेडात बसून होतो. मग ते थांबले, आणि त्यांनी भरल्या खोलीतून नेमकं माझ्या भावाकडे बोट केलं.

"तुम्ही कापडाच्या कारखान्यात रंगखात्यात आहात ना? पारखी म्हणतात ना तुम्हाला? मग माझं सोडा. तुमची नजर काय म्हणते?"

माझ्या भावाला पारखी म्हणतात हे खरं होतं. कापडाचा नवा तागा नमुन्याशी जुळला की नाही, हे तो सांगे आणि मालकसुद्धा त्यावर वाद घालत नसत. दुकानात साडीला ब्लाउजपीस जुळवायचा असला की शेजारणी त्याला सोबत नेत. बाबांनी माहिती काढली होती हे उघड आहे. पण आपलं कौतुक ऐकताना ती माहिती सांगणाऱ्यानं कुठून मिळवली, हे कुणाच्या डोक्यात येतं?

भाऊ वाकला. बराच वेळ बघत राहिला. मुलीच्या छातीवर बोट दाबून पाहिलं, आपला तळहात तिच्या पोटाशेजारी धरून पाहिला. मग माझ्याकडे वळला तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

"उतरलाय, ताई. खरंच उतरलाय."

मीही वाकले. आणि मलाही ती पिवळी दिसली नाही. आमच्या तळहातांसारखीच दिसली. माझ्याकडे शंका होती, पण उत्तर नव्हतं, आणि नुसत्या शंकेला त्या खोलीत कोण विचारतो?

निघताना बाबांनी आज्ञा दिली. बाळाला डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळायचं. घरी खिडक्या बंद, आणि त्यांनी दिलेला असाच एक छोटा दिवा खोलीत सतत तेवता. "मी सांगेपर्यंत दिवसाचा उजेड लागू द्यायचा नाही. लागला की पिवळं परत फिरतं, मग माझ्या दाराशी रडत येऊ नका. आणि बाळ आता शांत होईल, खूप झोपेल. झोपू द्या. ताप उतरलेला माणूस झोपतोच ना?"

मग भाऊ पायरीवर चढला. एरवी चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्याच्या अंगावर काटा येतो, पण त्या दिवशी त्याचा आवाज खणखणीत होता. "मी रंगखात्यात काम करतो. रंग बघणं हेच माझं पोट आहे. माझ्या मुलीचा पिवळा दोन छटांनी उतरला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं." गर्दीतून हुंकार उठला. "पारखी सांगतोय म्हणजे प्रश्नच मिटला," असं माझ्या कानाशी कुणीतरी म्हणालं, आणि दवाखान्याची वाट धरू की नको अशा विचारात कडेला उभी असलेली माणसं रांगेत येऊन मिसळली.

घरी बाबांचं भविष्य खरं होत गेलं. बाळ शांत झालं. खूप झोपू लागलं. रडणं थांबलं. आई येईल त्याला सांगत होती, "किती गुणी पोर, आवाज म्हणून नाही." शेजारपाजारचे पिवळ्या दिव्याच्या खोलीत डोकावून जात आणि गोरंपान बाळ पाहून हात जोडत.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी खोलीत गेले, तेव्हा भावजय भिंतीला टेकून बसली होती. आई स्वयंपाकघरात आहे याची खात्री करून ती हळूच म्हणाली, "ताई, दूध साठून छाती दगड झालीय. सकाळपासून हिनं धड ओढलंच नाही. तोंडात दिलं की दोन घोट घेते आणि मान टाकते. लंगोट बदलायची वेळच येत नाही, कोरडाच असतो." मग दाराकडे बघत म्हणाली, "बोलले तर म्हणतील, सगळ्यांना उतार दिसतो, हिलाच दिसत नाही."

मी बाळाच्या तळपायाला टिचकी मारली. पाय ओढून घ्यायला हवा होता. नुसता हलला. मी तिला उचललं, खिडकीवरची चादर ओढून काढली, दार उघडलं. दुपारचा उजेड तिच्या अंगावर पडला आणि भावजय ओरडलीच. बाळ तळपायांपर्यंत पिवळं झालं होतं. डोळ्यांची पापणी वर केली तर आतलं पांढरंही पिवळं.

भाऊ नुकताच कारखान्यातली पाळी संपवून आला होता, डबा हातातच होता. त्यानं मुलीकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं, परत मुलीकडे पाहिलं. तो तिथंच जमिनीवर बसला.

"दिव्याखाली," तो म्हणाला. "मी दिव्याखाली रंग बघितला."

रंगखात्यात नवीन माणूस आला की त्याला पहिली हीच गोष्ट शिकवतात. नमुना दिव्याखाली जुळवायचा नाही. कापड दारात न्यायचं, दिवसाच्या उजेडात धरायचं, शेजारी पांढरं ठेवायचं आणि मगच तोंड उघडायचं. ही गोष्ट नव्या पोरांना माझा भाऊच शिकवत असे. आणि त्याच्या स्वतःच्या मुलीला पांढऱ्या चादरीवरून उचलून, बंद खोलीत, पिवळ्या काचेच्या उजेडात, पिवळ्या कापडावर ठेवलं, तेव्हा त्याला त्यातलं काही आठवलं नाही. कापडाला आई-बाप नसतात म्हणून त्याचा रंग नीट दिसतो, असं तो नंतर मला म्हणाला.

आईनं अडवण्याचा प्रयत्न केला. "उजेड लावलात म्हणून झालं हे." पण आता तिचं ऐकायला कुणी थांबलं नाही, आम्ही बाळाला घेऊन थेट दवाखाना गाठला.

डॉक्टरबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त बाळाचं रक्त काढलं, अहवाल पाहिला आणि तिला तातडीनं निळ्या उजेडाच्या पेटीत ठेवायला सांगितलं. डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट. मग त्या आमच्याशी बोलल्या. प्रत्येक बाळाच्या रक्तात जुन्या रक्तपेशी मोडून एक पिवळा पदार्थ तयार होतो. नव्या बाळाचं यकृत कच्चं असतं, त्याला तो पदार्थ भराभर बाहेर टाकता येत नाही. बहुतेक बाळांचं यकृत थोड्याच दिवसांत कामाला लागतं आणि पिवळेपणा आपोआप जातो. काहींचं मात्र इतकं साठतं की ते मेंदूत शिरतं. "मग बाळ गुंगीत जातं, दूध ओढत नाही, अंग ढिलं पडतं. तुम्ही ज्याला उतार समजत होता, तो धोका होता."

"मग उतार ओळखायचा कसा?" भावजयीनं विचारलं.

"उतार पडलेलं बाळ झोपून राहत नाही. स्वतः जागं होतं, दूध मागतं, जोर लावून पितं. लंगोट पुन्हा पुन्हा ओले होतात, लघवीला रंग नसतो. पिवळेपणा आधी पायांवरून जातो, मग पोटावरून, चेहऱ्यावरून सगळ्यात शेवटी, आणि डोळ्यांतला त्याहून शेवटी. तोही दिवसाच्या उजेडात बघायचा. आणि शंका आली तर बघत बसायचं नाही. रक्त तपासायचं."

भाऊ इतका वेळ खाली मान घालून उभा होता. त्यानं विचारलं, "मेंदूत शिरलं तर काय होतं?"

"ऐकू येणं जाऊ शकतं. हातापायांवर ताबा राहत नाही. जीवही जातो." डॉक्टरबाईंनी पेटीकडे पाहिलं. "आपण वेळेत आहोत असं मला वाटतं. पण कानांची तपासणी केल्याशिवाय मी शब्द देणार नाही."

त्या गेल्यावर भाऊ मला म्हणाला, "ताई, माझ्या सांगण्यावरून किती जण आत गेले असतील?" मला ती गर्दी दिसत होती. "तू चल माझ्याबरोबर," तो म्हणाला. "मी एकटा गेलो तर त्या पायरीपर्यंत पोचणार नाही." वाटेत त्यानं कारखान्यातून कापडाच्या दोन पट्ट्या घेतल्या, एक पांढरी आणि एक फिक्या पिवळ्या रंगाची.

बाबांनी त्याला लांबूनच ओळखलं. "या, पारखी या. बघा लोकहो, एकदा साक्ष देऊन समाधान झालं नाही, परत आलेत." दारातल्या पांढऱ्या चादरीवर एक बाळ निजवलेलं होतं, आणि त्याचा तरुण बाप हात जोडून बाजूला उभा होता. माझ्या भावाला पाहून तो म्हणाला, "तुमचं ऐकूनच आणलंय हो. नाहीतर मी दवाखान्यात निघालो होतो."

भावाचा चेहरा उतरला. त्यानं त्या माणसाच्या हातात दोन्ही पट्ट्या दिल्या. "यातली पिवळी कुठली?"

"ही. आंधळासुद्धा सांगेल."

"आता आत चला. बाळाला राहू द्या बाहेर आईपाशी. आपण नुसत्या पट्ट्या घेऊन बसू."

बाबा म्हणाले, ही दिव्याची विटंबना आहे. गर्दी म्हणाली, पट्टीनं काय बिघडतंय. लोक आत शिरले, मीही शिरले. दार लागलं. थोडा वेळ सगळे पिवळ्या उजेडात बसले, डोळे सरावू दिले. मग भावानं पट्ट्या पाठीमागे घेऊन अदलाबदल केली आणि पिवळ्या कापडावर ठेवल्या. "आता सांगा."

तरुण बाप वाकला, डोळे बारीक केले, एक पट्टी उचलली. "ही पांढरी." मागून एक म्हातारा म्हणाला, "छे, ती नव्हे, दुसरी." तिसरा म्हणाला दोन्ही पांढऱ्याच आहेत, हातचलाखी केलीय. "बाबा, तुम्ही सांगा," मी म्हणाले. बाबांनी डोळे मिटले. श्रद्धा नसलेल्यांपुढे दिवा काम करत नाही, असं ते म्हणाले. पट्ट्यांना श्रद्धा कशाला लागते, हे त्यांनी सांगितलं नाही.

भावानं खिडकीवरची घोंगडी ओढली. तरुण बापाच्या हातात पिवळी पट्टी होती.

"पिवळ्या उजेडात पांढरंही पिवळंच दिसतं," भाऊ म्हणाला. "मग पिवळं कशाशी ताडून बघणार? डोळा त्या उजेडाला सरावतो आणि दोन्हींना पांढरं म्हणतो. म्हणून चादर बाहेर ठेवतात. म्हणून आपल्याला इतका वेळ बसवतात. म्हणून घरी दिवा देतात आणि खिडकी बंद करायला सांगतात. दिवा पिवळं खात नाही. दिवा पिवळं लपवतो."

"मग एवढी बाळं बरी झाली ती कशी?" कुणीतरी चिडून विचारलं.

हे उत्तर माझ्याकडे होतं. "बहुतेक बाळं आपोआपच बरी होतात. दिवा लावला तरी होतात, नाही लावला तरी होतात. ती इथं येऊन साक्ष देतात. जी बरी होत नाहीत त्यांना बाबा सांगतात, तुम्ही उजेड लावला. मग ती माणसं आपलीच चूक समजून तोंड लपवतात. सांगा, या पायरीवर कधी बरं न झालेल्या बाळाचा बाप उभा राहिलाय?"

बाबांनी शेवटचा डाव टाकला. "दवाखान्यात तरी काय करतात? दिवाच लावतात ना? माझीच विद्या चोरली."

"तो दिवा निळा असतो," मी म्हणाले. "त्या उजेडानं कातडीतल्या पिवळ्या पदार्थाचं रूप बदलतं आणि तो लघवीतून, शीतून बाहेर पडतो. तो लावायच्या आधी रक्त तपासतात आणि बंद करायच्या आधीही तपासतात. त्यांना कुणाची साक्ष लागत नाही."

तरुण बाप बाळ उचलून निघालासुद्धा होता. बाकीचे तिथंच घुटमळत होते. तेव्हा भाऊ बाहेर येऊन पायरीवर चढला. या वेळी त्याचा आवाज फुटत नव्हता.

"मी इथं उभा राहून सांगितलं होतं की माझी मुलगी बरी झाली. ती बरी झाली नव्हती. ती गुंगीत होती आणि आम्ही तिला गुणी म्हणत होतो. आत्ता ती दवाखान्यात आहे. तिला ऐकू येईल की नाही ते माहीत नाही. माझं ऐकून जे आले त्यांनी आपल्या बाळाला आत्ताच्या आत्ता उजेडात बघावं. दूध ओढतं का ते बघावं." तो थांबला. "मला माफ करा असं म्हणायचं होतं, पण ते मी कुठल्या तोंडानं म्हणू?"

"कसला पारखी मग तू?" गर्दीतून एक जण हसला.

"नाही," भाऊ म्हणाला. "पारखी नाही."

तो उतरला तेव्हा एक बाई पुढं आली. तिच्या कडेवर मोठं मूल होतं, चालता येण्याच्या वयाचं, पण मान खांद्यावर टाकलेलं. ती पायरीवर चढली आणि कुणाकडेच न बघता बोलू लागली.

"मीही इथं साक्ष दिली होती. माझाही असाच शांत झाला होता. खूप झोपायचा. नंतर रंग गेला. मी इथं सांगितलं की उतरला, आणि तुम्ही सगळ्यांनी नमस्कार केला." तिनं मुलाच्या कानामागे जोरात टाळी वाजवली. आम्ही सगळे दचकलो. मुलगा तिच्या पदराशी खेळत राहिला. "हे कळलं तेव्हा परत इथं यायची लाज वाटली. मी आले असते तर या माणसानं आपल्या मुलीला इथं आणलं नसतं."

बाबांनी दार आतून लावून घेतलं. नंतर दिवा घेऊन ते कुठल्या गावाला गेले, कुणाला माहीत नाही. तिथंही पायरी असेलच.

भाचीचं रक्त हळूहळू ताळ्यावर आलं. एके सकाळी तिनं दवाखान्याचा मजला डोक्यावर घेतला, भावजयीला धावत बोलावलं आणि दूध असं ओढलं की तिला ठसका लागला. भावजय रडत रडत हसत होती. मी भावाला विचारलं, "काय रे, उतरला ना?" तो म्हणाला, "मला विचारू नकोस. अहवाल येऊ दे." कानांची तपासणी झाली. तिला ऐकू येतं. आई घरी येऊन आपल्या खोलीत बसली आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही. आम्ही सुटलो. पण सुटलो हा शब्द उच्चारतानासुद्धा मला ती टाळी ऐकू येते आणि मान खाली जाते. भाऊ कारखान्यात आता प्रत्येक नमुना दुसऱ्याला दाखवून घेतो, आणि सुट्टीच्या दिवशी त्या गर्दीतली घरं शोधत फिरतो. काही जण त्याला दारातूनच परत पाठवतात. तरीही तो जातो.

तुमच्या घरातलं नवं बाळ पिवळं दिसलं तर त्याला खिडकीपाशी घ्या, ते दूध कसं पितं ते बघा, आणि दवाखान्यात न्या. सुईला आणि रक्ताच्या एका थेंबाला घाबरू नका. आणि कुणाच्या नादी लागून फसलात, तर ते लपवू नका. जिथं उभं राहून खोटं सांगितलं तिथंच उभं राहून खरं सांगा. आपली लाज आपण गिळून बसलो, तर ती दुसऱ्याच्या बाळाला भोवते.